लुईस वाल्देस : संपातलं नाटक आणि ब्रॉडवे

रंगवेडी :
आम्ही पथनाट्यं करतो. चिकानो, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या रंगभूमीबद्दल वाचताना लुईस वाल्देस हे नाव सारखं समोर येतं. त्यांनी शेतमजुरांकडून नाटक कसं करवून घेतलं? आणि ते पुढे ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर गेले, म्हणजे चळवळ सुटलीच ना?

सॅनहोजेकर :
ताई, ते स्वतःच शेतमजुराच्या घरातले. जन्म १९४०, गाव कॅलिफोर्नियातलं डेलानो. लहानपणी पिकामागे गावोगाव फिरणं. शाळेच्या नाटकात माकडाचं काम मिळालं, आणि प्रयोगाआधीच कुटुंबाला बिऱ्हाड हलवावं लागलं. ही हळहळ ते अजून बोलून दाखवतात.

१९६५ मध्ये डेलानोत द्राक्षमजुरांचा संप सुरू झाला. आधी फिलिपिनो मजूर उतरले, आठवडाभराने शेतमजुरांचे नेते सेझर चावेझ यांची संघटना. वाल्देस तिथे गेले तेव्हा ना नट होते ना संहिता. त्यांनी मजुरांच्याच गळ्यात पाट्या अडकवल्या : दोघांच्या 'संपकरी', एकाच्या 'संपफोड्या'. म्हणाले, आता भांडा. रोज शेताच्या बांधावर जे चालायचं तेच इथे सुरू झालं आणि बघणारे हसून बेजार! त्यातूनच 'एल तेआत्रो कांपेसिनो', म्हणजे शेतमजुरांची नाटकमंडळी, उभी राहिली. ट्रकच्या उघड्या हौद्यावर छोटे प्रयोग व्हायचे, त्यांना 'आक्तो' म्हणत. एका आक्तोत मालक गंमत म्हणून आपला मुखवटा मजुराला देतो. मग त्याचाच पहारेकरी त्याला मजूर समजून फरफटत नेतो आणि मालक चावेझच्या नावाने धावा करतो. ज्याला दिवसभर मालकाची बोलणी खावी लागतात त्याच्यासाठी हे किती मोठं असेल!

पडद्यामागे :
पण वाल्देस यांचं 'झूट सूट' हे नाटक ब्रॉडवेवर ४१ प्रयोगांत बंद पडलं. आपल्या माणसांपासून तुटल्यावर दुसरं काय होणार?

सॅनहोजेकर :
हे मला अजिबात पटत नाही. १९७८ मध्ये तेच नाटक लॉस एंजेलिसमध्ये तुफान चाललं, कारण गोष्ट त्याच शहराची होती. १९४२ च्या एका खून खटल्यात तिथल्या मेक्सिकन पोरांना ढिसाळ पुराव्यावर दोषी ठरवलं होतं; १९४४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. ज्यांच्या घरात ही जखम होती ते लोक नाटकाला आले. ब्रॉडवेवर चिकानो नाटककाराचं ते पहिलंच नाटक. तिथल्या समीक्षकांनी झोडपलं म्हणून त्याचं मोल कमी होत नाही.

चावेझ यांच्या संघटनेपासून वाल्देस १९६७ मध्येच वेगळे झाले होते. संपाच्या धकाधकीत नाटकाला हवी तशी तालीम आणि सवड मिळेना, हे मला रास्त वाटतं. पण गेले कुठे? १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच सॅन हुआन बाउतिस्ता या छोट्या गावात. तिथे फळं पॅक करायच्या जुन्या शेडमध्ये मंडळीचं थिएटर आहे. डिसेंबरात मिशन चर्चमध्ये त्यांचा नाताळचा खेळ असतो. मी जातो, नट बाकांमधूनच फिरत असतात आणि आजीपासून नातवंडांपर्यंत अख्खी कुटुंबं बघायला येतात.

रंगवेडी :
पाट्यांची युक्ती आमच्या पुढच्या तालमीत करून बघतेच. वाचायला कुठून सुरुवात करू?

सॅनहोजेकर :
आक्तोंपासून. मालकाच्या मुखवट्याचा आधी घ्या, दोन-तीन माणसांत बसतो.