चाल, वेग आणि चुंबकातला प्रोटॉन

गोदाकाठ: भाचा अकरावीला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. फिजिक्सच्या गणितात होतं: ०.५ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन सेकंदाला २×१०⁶ मीटरने काटकोनात शिरतो, तर त्याचा वेग बदलेल का? हा म्हणतो नाही, उत्तर आहे हो. 'चाल' (नुसतं किती भरभर) आणि 'वेग' (किती भरभर आणि कुठल्या दिशेने) असा फरक मराठीत आहे, की पुस्तकाने पाडलाय?

सातपूरकर: पाडलाय. बोलताना दोन्हीला वेगच म्हणतो आपण. हायवेवर 'वेगमर्यादा' लिहितात. तुम्ही धुळ्याकडे निघालात की मुंबईकडे, पोलिसांना काय त्याचं? म्हणजे शास्त्राप्रमाणे ती चालमर्यादा! पण चाल म्हटलं की गाण्याची, बुद्धिबळातली, नाहीतर कुणीतरी आपल्यावर खेळलेली. घोड्याची दुडकी चाल त्यातल्या त्यात जवळची.

फिजिक्सवाली: पुस्तकाने पाडला ते बरंच केलं. चुंबकीय बल कायम वेगाला काटकोनात असतं. ते पुढे ढकलत नाही, मागे ओढत नाही, नुसतं वळवतं. म्हणून कार्य शून्य, गतिज ऊर्जा तेवढीच, चालही तेवढीच. दिशा मात्र क्षणोक्षणी बदलते, म्हणून वेग बदलला. मुंबई नाक्याच्या सर्कलला काटा २० वर ठेवून वळसा घाला, तसंच.

मुलं जास्त अडकतात ती 'त्वरण' शब्दात. त्यात 'त्वरा' ऐकू येते, मग त्वरण म्हणजे वेग वाढणं असं डोक्यात बसतं. खरं तर त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर; ब्रेक मारला तरी त्वरण असतं, नुसतं वळलं तरी असतं. तुमच्या प्रोटॉनवर १.६×१०⁻¹³ न्यूटन बल आहे (प्रभार × चाल × क्षेत्र), वर्तुळाची त्रिज्या साधारण ४.२ सेंमी. त्वरण प्रचंड, चाल जैसे थे.

सातपूरकर: 'बल' तरी कोण म्हणतं? आमच्या शॉपफ्लोअरवर 'जोर लाव' म्हणतात.

फिजिक्सवाली: जोर चालेल, 'शक्ती' नको. शक्ती म्हणजे दर सेकंदाला होणारं कार्य, वॉटमध्ये. इथे बल आहे आणि शक्ती शून्य; पेपरात हे दोन शब्द अदलाबदल केले की मार्क गेले.

गोदाकाठ: भाचा विचारतोय, प्रोटॉनऐवजी इलेक्ट्रॉन असता तर?

फिजिक्सवाली: शाब्बास! उलट्या बाजूला वळेल. बलाची दिशा सांगणाऱ्या फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमात मधलं बोट विद्युतधारेच्या दिशेने धरतात, म्हणजे इलेक्ट्रॉन जातो त्याच्या विरुद्ध. बल तेवढंच, पण वस्तुमान सुमारे १८३६ पट कमी, म्हणून त्रिज्याही तितक्याच पटीने लहान. मिलिमीटरमध्ये किती, ते त्यालाच काढू दे.