शिवजयंतीची तारीख: फॉरवर्ड बाजूला ठेवून स्वतः कशी पडताळायची?

वाचनवेडा

फेब्रुवारी लागला की गटागटांवर तीच जुंपते. १९ फेब्रुवारी १६३०, फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, आणि जुन्या पुस्तकांतली वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ (६ एप्रिल १६२७). त्यात आता दोन नवे संदेश फिरताहेत.

पहिला: "फोनच्या कॅलेंडरात १९ फेब्रुवारी १६३० ला मंगळवार दिसतो. जेधे शकावलीत शुक्रवार आहे. म्हणजे शकावली बनावट." (शकावली म्हणजे शकवार घटनांच्या नोंदींचा जुना कागद.) दुसरा: "खरी तारीख १ मार्च. सरकारने ती दडवली."

अमुक इतिहासकार काय म्हणाले हे कृपया सांगू नका, त्यांची नावं दोन्ही बाजू सारख्याच जोरात फेकतात. मला मोडी येत नाही, फारसी येत नाही. अशा माणसाला घरबसल्या काय तपासता येतं आणि काय येत नाही, तेवढं पायरीपायरीने हवं आहे. जात आणि पक्ष काढणाऱ्या प्रतिसादांना उत्तर देणार नाही.

पंचांगी

मंगळवारचं कोडं दोन मिनिटांत सुटतं.

आपल्या पुस्तकांत शिवकाळाच्या ज्या इंग्रजी तारखा छापतात त्या बहुतेक ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कॅलेंडराच्या आहेत, कारण इंग्रजांनी १७५२ पर्यंत तेच कॅलेंडर वापरलं. फोन मात्र शिवकाळापर्यंत मागे गेलात तरी आजचं ग्रेगोरियनच दाखवतो. सतराव्या शतकात दोघांत १० दिवसांचा फरक होता (मार्च १७०० पासून ११). म्हणून असं करा:

१. पुस्तकातल्या तारखेत १० दिवस मिळवा. १९ फेब्रुवारी १६३० ची १ मार्च १६३० होते. (१६३० लीप वर्ष नव्हतं, फेब्रुवारी २८ चा.)

२. वर्षात ४०० मिळवा. ग्रेगोरियनचं चक्र दर ४०० वर्षांनी वारासकट जसंच्या तसं फिरून येतं. म्हणजे १ मार्च २०३०.

३. फोनमध्ये मार्च २०३० उघडा. १ तारखेला शुक्रवार आहे.

हीच रीत इतरत्र लावून पाहा. अफझलखानाचा वध, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी शके १५८१, गुरुवार, १० नोव्हेंबर १६५९: फोनमध्ये २० नोव्हेंबर २०५९ पाहा. महाराजांचं निधन, चैत्र पौर्णिमा शके १६०२, शनिवार, ३ एप्रिल १६८०: १३ एप्रिल २०८० पाहा. दोन्ही जुळतात.

थोडक्यात, "१९ फेब्रुवारी" आणि "१ मार्च" हा एकच दिवस आहे, दोन कॅलेंडरांत लिहिलेला. दडवण्यासारखं त्यात काही नाही.

शक ते इसवी सन करताना होणारी चूकही सांगून ठेवतो. शक वर्ष चैत्रात सुरू होतं. चैत्रापासून साधारण पौषाच्या सुरुवातीपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारी लागला की ७९. फाल्गुन वर्षाच्या शेवटी येतो, म्हणून १५५१ + ७९ = १६३०. इथे ७८ मिळवून "१६२९" काढणारे पुष्कळ भेटतात. तिथीवरून नेमकी तारीख हवी असेल तर स्वामीकन्नू पिल्लै यांची पंचांगकोष्टकं आहेत, इ.स. ७०० ते १७९९ पर्यंतची.

संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं, नाव तपासायला आणखी सोपं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी पाहा. १५५१ + १२ = १५६३, बाकी ३, तिसरा संवत्सर शुक्ल. शकावलीत शुक्लच आहे. राज्याभिषेकाचा शक १५९६: बाकी ४८, आनंद. बरोबर.

कारीचा_वाटसरू

गणिताआधी साधनांची, म्हणजे जुन्या कागदांची आणि ग्रंथांची, प्रतवारी लावली पाहिजे, नाहीतर चुकीच्या कागदावर बरोबर गणित होतं. कुठलंही साधन समोर आलं की मी तीन गोष्टी विचारतो: घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं, कशासाठी लिहिलं, आणि हीच माहिती याच्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या कोणाकडे आहे का.

१६२७ ची तारीख उत्तरकालीन बखरींमधून आली. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे जन्मानंतर पावणेदोनशेहून जास्त वर्षांनी लिहिलेली. "बखर" म्हटली की सगळ्या एका मापाने मोजू नयेत. सभासदाची बखर राजारामांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. महाराजांच्या पदरचा माणूस, आठवणी ताज्या. तरी तोही सालं-तिथींच्या बाबतीत ढिलाच आहे, कारण त्याला चरित्र सांगायचं होतं, नोंदवही भरायची नव्हती.

१६३० च्या बाजूला तीन साधनं आहेत. पहिलं जेधे शकावली: भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांकडची, शके १५४० ते १६१९ पर्यंतच्या तुटक नोंदी, टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेली. तेव्हा शिवजयंती वैशाखात होत असे, आणि तो उत्सव मोठा करणाऱ्या माणसानेच त्या तिथीविरुद्धचा कागद छापला, हे विसरू नये. दुसरं कवींद्र परमानंदाचं शिवभारत: महाराजांच्या हयातीतलं संस्कृत काव्य, पोथी तंजावरला मिळाली, छापलं गेलं १९२७ मध्ये. तिसरं, राजस्थानात जोधपूरकडे मिळालेल्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहातली कुंडली. तिच्यातही वद्य तृतीया आणि शुक्रवार.

शिवभारत स्तुतिकाव्य आहे, नायक विष्णूचा अवतार आहे. म्हणून त्यातलं सैन्याचं वर्णन किंवा शत्रूची भाषणं मी जपून घेतो. तिथीचं तसं नाही. दरबारी कवीने धन्याची जन्मतिथी धन्याच्याच हयातीत चुकवून लिहावी, याला काही कारण दिसत नाही. एकाच ग्रंथातलं एक विधान भरवशाचं आणि दुसरं बेभरवशाचं असू शकतं. "हा ग्रंथ मानतो, तो मानत नाही" असं ठोक बोलणाऱ्याने बहुधा दोन्ही वाचलेले नसतात.

वाचनवेडा

दोघांचे आभार. फोनवर तिन्ही तारखा पाहिल्या, जुळल्या. मग उत्साहाने राज्याभिषेकही केला आणि अडकलो. ६ जून १६७४ म्हणजे १६ जून २०७४, तो शनिवार निघतो. शकावलीत ज्येष्ठ शुद्ध द्वादशी शुक्रवार आहे, आणि आपण साजरी करतो त्रयोदशी. मग शकावली इथे चुकली का? आणि वार जुळला की तारीख सिद्ध झाली, असं धरायचं का?

पंचांगी

शकावली चुकलेली नाही, नोंद पुढे वाचा. "तीन घटका रात्र उरली तेव्हा" सिंहासनी बसले असं तिथे आहे. घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटं बाकी होती. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे तोवर शुक्रवारच चालू होता. घड्याळाचा दिवस मध्यरात्री बदलतो, त्या हिशेबाने शनिवार, ६ जून लागला होता.

तिथीचंही तसंच. पंचांगात दिवसाला सूर्योदयाच्या वेळची तिथी देतात. शुक्रवारी सूर्योदयाला द्वादशी होती, ती सूर्योदयानंतर २१ घटका ३४ पळांनी संपल्याचंही नोंदीतच आहे. पहाटे त्रयोदशी चालू होती. दोन्ही बरोबर.

म्हणून एका वाराचा फरक आला तर आधी घटना रात्रीची किंवा पहाटेची होती का ते पाहा. तीन-चार वारांचा फरक आला की मग कॅलेंडरावर संशय घ्या.

एक_सप्तमांश

वार जुळला म्हणून सिद्ध झाली का, याचं उत्तर "नाही". आणि किती नाही, तेही सांगता येतं.

१९ फेब्रुवारी ही तारीख मुळात कुठल्याच साधनात नाही. ती शक, महिना आणि तिथीवरून काढलेली आहे. त्यामुळे ती तिथीशी जुळते हा पुरावा नव्हे, ती तिथीतूनच आली आहे. संवत्सराचं नावही शकाला बांधलेलं. आकडा नकलताना चुकला असेल तर तेवढं त्यातून कळतं, जास्त काही नाही. शकावलीत हस्त नक्षत्र दिलंय, पण महिना आणि तिथी ठरली की नक्षत्र दोन-तीनच्या आत येतं, म्हणून त्याचंही वजन कमी. स्वतंत्र साक्षीदार एकच, तो म्हणजे वार. कोणी मनाने तिथी लिहून वार ठोकून दिला असता तर तो आपोआप जुळण्याची शक्यता सातात एक. हा आधार बरा आहे, पण एकट्याने पेलणारा नाही.

शिवाय वार जुळल्याने एवढंच कळतं की नोंद करणाऱ्याजवळ त्या दिवसाचं खरं पंचांग होतं, किंवा त्याने खऱ्या पंचांगावरून केलेल्या नोंदीची नक्कल केली. त्या दिवशी काय घडलं हे वार सांगत नाही. पंचांग जाणणारा माणूस जन्माची खोटी तिथी अचूक वारासकट लिहू शकतो.

म्हणून खरं वजन वाटसरूंच्या तिसऱ्या प्रश्नाला आहे. कारी, तंजावर आणि जोधपूर ही तीन ठिकाणं एकमेकांची नक्कल करण्याची शक्यता कमी, आणि तिघांचं उत्तर एक. उलट पाच बखरींत एकच तिथी असेल तर पाचही एकीवरून उतरल्या का, हे आधी पाहा. तशा उतरल्या असतील तर ती साक्ष एकाचीच.

बखरीतही वार दिलेला असला तर त्यालाही हीच फूटपट्टी लावा. ६ एप्रिल १६२७ म्हणजे १६ एप्रिल २०२७, शुक्रवार. बखरीतला वार काढा आणि शेजारी ठेवा. आपल्याला नको असलेल्या साधनाला कडक आणि हव्या असलेल्याला मऊ, असं करायचं नाही.

उत्तरेकडून

मध्य प्रदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक पुरवणी. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्षात फरक पडत नाही, वद्य पक्षात महिन्याचं नाव एक घर पुढे जातं. आपली फाल्गुन वद्य तृतीया म्हणजे तिकडची चैत्र कृष्ण तृतीया. हिंदी पानावरची वद्य तिथी मराठी कॅलेंडरात शोधाल तर महिनाभराने चुकाल.

चौकातला_फलक

एक गाठ अजून सुटायची आहे. "जन्म कधी झाला" आणि "जयंती कधी करायची" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला पुरावा लागतो. दुसरा निवडीचा आहे, आणि त्याला कुठलाही कागद उत्तर देऊ शकत नाही.

आज तिथीवाले आणि तारीखवाले भांडतात तेव्हा दोघेही शके १५५१ च मानत असतात. मग तिथीने करणाऱ्यांना "१६२७ वाले" म्हणणं हा एक तर अडाणीपणा, नाहीतर लबाडी. तिथीने जयंती २०२३ मध्ये १० मार्चला, २०२४ मध्ये २८ मार्चला आणि २०२५ मध्ये १७ मार्चला आली. शासनाने १९ फेब्रुवारी घेतली, ती सोयीसाठी ठरवलेली ज्युलियन तारीख आहे. काटेकोर ग्रेगोरियन वर्धापनदिन १ मार्चला पडेल, पण तसं पाहिलं तर ६ जूनही १६ जूनला न्यावा लागेल. ते कोणी करत नाही आणि करायची गरजही नाही.

एखादा संदेश आला की त्यातली वाक्यं या दोन ढिगांत टाका. "शकावलीत अमुक लिहिलंय" हे तपासता येतं. "तिथीने केली तरच खरा मावळा" हे तपासायची गोष्टच नाही. असल्या संदेशांत पहिल्या ढिगातलं एखादं वाक्य पुढे करून मागून दुसऱ्या ढिगातलं गळी उतरवतात.

वाचनवेडा

शेवटचा प्रश्न. सुरतेच्या पहिल्या लुटीबद्दल इंग्रज वखारीच्या एका पत्राचा उतारा पाहिला, त्यावर जानेवारी १६६३ आहे. सगळीकडे तर १६६४ लिहितात.

पंचांगी

इंग्रजांचं कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १ जानेवारी ते २४ मार्चच्या पत्रांवर मागचंच साल असतं. जाणते संपादक ते १६६३/६४ असं छापतात, उतारा कापून फिरवणारे नुसतं १६६३. पोर्तुगीज आणि इंग्रज कागद शेजारी ठेवाल तेव्हा आणखी एक: गोव्याचे पोर्तुगीज तेव्हा ग्रेगोरियन वापरत होते, त्यामुळे एकाच दिवसाची त्यांची तारीख सुरतकर किंवा मुंबईकर इंग्रजांच्या तारखेपेक्षा १० ने पुढे असते. ते १० वजा करून मगच कोण आधी पोचलं आणि कोण नंतर, ते ठरवा.