ती बेसावध नव्हती, बापू

बापू, अमेरिकेतल्या डिस्नेलँड या करमणूक बागेत कामावर असताना जीव गेलेल्या त्या पोरीबद्दल तुम्ही लिहिलं, 'तिनंच जपायला हवं होतं.' हे वाचून राहवलं नाही.

8 जुलै 1974, कॅलिफोर्निया. पोरगी अवघी 18 वर्षांची. काम काय, तर प्रेक्षकांचं हसून स्वागत करायचं. ते फिरतं नाट्यगृह. मधला रंगमंच जागेवर स्थिर आणि प्रेक्षकांच्या खुर्च्या भिंतीसकट त्याभोवती फिरायच्या. फिरती भिंत स्थिर भिंतीजवळून जाताना मधली फट मिटत जायची. त्या फटीत ती चिरडली गेली. खेळ सुरू होऊन दहा दिवससुद्धा झाले नव्हते हो! धोक्याचे दिवे नंतर बसवले, धक्का लागताच निखळतील अशा भिंतीही नंतरच. म्हणजे उपाय होता. मग दोष त्या लेकराचा कसा?

आपल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत पाळण्यावरची पोरं बघा. मिसरूड न फुटलेली. पायात स्लीपर, चालत्या पाळण्याच्या दांड्यांवर चढतात, आपण खालून शिट्ट्या मारतो. (मीही मारल्यात, आता नाही मारवत.) त्यातला एखादा पडला तर 'पोऱ्या मस्तीखोर होता' असं बोलून मोकळं व्हायचं का? कामावर जीव गेला तर कामगाराची चूक दाखवून मालकाला भरपाई टाळता येत नाही, इतकं तर आपला कायदाही मानतो.

त्या माऊलीनं हसतीखेळती लेक कामाला धाडली होती, बापू. तेवढं वाक्य मागे घ्या, ही हात जोडून विनंती.