पेशी की कोशिका? हूकला नेमकं काय दिसलं होतं?

शाळेत आपण सेलला पेशी म्हणतो, हिंदीवाले कोशिका म्हणतात. पण पेशी म्हटलं की मांसच डोळ्यांसमोर येतं, मग झाडाची पेशी हा शब्दप्रयोग कसा काय बसला? आणि इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये 'सेल' (म्हणजे छोटी खोली) म्हटलं त्याला यातला कुठला शब्द जवळचा?

प्रतिसाद १
अर्थाने जवळचा कोशिकाच. कोश म्हणजे आवरण, काहीतरी साठवायची जागा, आणि हूकला दिसल्या त्या नुसत्या खोल्याच होत्या. 'मायक्रोग्राफिया' या आपल्या पुस्तकात त्याने इतकं बारकाईने लिहिलंय की वाचताना आपणच शेजारी उभे आहोत असं वाटतं, वस्तऱ्यासारखी धार लावलेल्या चाकूने बुचाचा अगदी पातळ काप काढला, बूच पांढरट म्हणून तो काळ्या पट्टीवर ठेवला, भिंगाने त्यावर उजेड पाडला, तेव्हा कुठे सूक्ष्मदर्शकातून ती मधाच्या पोळ्यासारखी पण वेडीवाकडी छिद्रं दिसली. मग मोजायलाच बसला! इंचाच्या अठराव्या भागात साठेक, म्हणजे इंचाला हजाराच्या वर आणि घन इंचात १२५ कोटींच्या वर. बूच हलकं का, बुडत का नाही, दाबलं की दबतं का, याचं उत्तरही त्याला त्यातच मिळालं, सगळ्या खोल्यांत हवा.

प्रतिसाद २
थोडी भर घालते. हूकला फक्त रिकाम्या खोल्या दिसल्या असं सरसकट म्हणू नका, हिरव्या ओल्या झाडांत त्या रसाने भरलेल्या असतात हेही त्याने लिहिलंय. बुचात नुसत्या भिंती उरतात, आतलं जिवंत द्रव्य केव्हाच गेलेलं असतं. पुढे १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने ऑर्किडच्या पेशींतलं केंद्रक दाखवलं, मग १८३८ ला श्लायडेनने वनस्पती आणि १८३९ ला श्वानने प्राणी पेशींचेच बनलेत असं मांडलं, आणि हळूहळू सगळ्यांचं लक्ष भिंतीवरून आतल्या ऐवजाकडे गेलं. प्राण्यांच्या पेशीला तर भित्तिका नसतेच. म्हणून मला पेशीच जास्त पटतो, संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, भरलेली वस्तू.

प्रतिसाद ३
दोघांचंही पटलं, पण वापरताना खरा घोळ वेगळाच होतो. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी सांगितल्यात त्या आपण ज्याला स्नायू म्हणतो त्या, हिंदीत तोच अर्थ मांसपेशीत टिकला. मराठीत मसलला स्नायू आणि सेलला पेशी असं रुळलंय. त्यामुळे हिंदीवरून घाईघाईत केलेल्या भाषांतरात 'व्यायामाने पेशी बळकट होतात' असं वाचलं की खूप त्रास होतो, तिथे स्नायूच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला भलतंच काहीतरी कळतं. बाकी एकपेशीय, पेशीद्रव्य, पेशीभित्तिका हे शब्द इतके छान बसलेत की आता बदलायची काही गरज नाही. आणि हो, अनेकवचनही पेशीच लिहा, तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी. पेश्या असं कुठे कुठे दिसतं पण ते रूढ नाही.