मदत हवी आहे: पंख्यावर तरंगणारं यंत्र डोलतंय

नमस्कार मंडळी. दादरला घरीच ७० मिमी डक्टेड फॅनवर (नळीत बसवलेला पंखा) उभं राहणारं यंत्र करतोय. झोत वळवायला खाली चार पाती, प्रत्येकाला एसजी९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर). सुखोई-३० एमकेआय नोझल वळवून करतं तेच, पण गरिबाघरचं! कल आणि फिरण्याचा वेग (जायरो) मोजणारा सेन्सर एमपीयू-६०५०, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला.

दोरीला टांगून चाचणी घेतो. नियंत्रणातला पी (कल चुकला त्या प्रमाणात दुरुस्ती) वाढवला की डोलतं, डी (चूक बदलण्याच्या वेगानुसार दुरुस्ती) वाढवला की पाती थरथरतात. फॅन बंद असताना कोन स्थिर, म्हणजे कंपनं जायरोत शिरताहेत असा संशय. फोम लावला, थोडाच फरक. सेन्सरच्या चिपमधला कंपनं गाळणारा फिल्टर ४२ हर्ट्झवर ठेवला तर उशीर जेमतेम ५ मिलिसेकंद. मग दोष एसजी९०चा का? त्याला ६० अंश फिरायला ०.१ सेकंद लागतो. महागडा डिजिटल सर्व्हो घेण्याआधी कोणी सांगेल का? खालच्या काकू आवाजाला वैतागल्यात, चाचण्या मोजक्याच उरल्यात.