मदत हवी आहे: भाचा एमडी आणि झोपेच्या गोळ्या घेतो, नाशिकमध्ये उपचार कोठून सुरू करावेत?

नमस्कार. प्रश्न माझ्या भाच्याचा आहे. त्याचे नाव आणि महाविद्यालय मुद्दामच लिहीत नाही. तो 20 वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ताई-दाजींची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि शिक्षणासाठी तो दोन वर्षांपासून गंगापूर रोडला आमच्याकडे राहतो.

लक्षणे दिसत होती, पण प्रत्येकाला आमच्याकडे घरगुती उत्तर तयार होते. वजन 68 वरून 57 किलोवर आले आणि डबा तसाच परत येऊ लागला, तेव्हा पत्नीने भाज्या बदलून पाहिल्या. झोपेत तो दात इतके करकर खायचा की शेजारच्या खोलीत ऐकू येई; त्यावर जंतांचे औषध दिले. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग पडले, तर उन्हाने घोळणा फुटला असेल, असे मीच म्हणालो. मागच्या रविवारी धुण्यासाठी त्याचे हेल्मेट घेतले, तेव्हा अस्तराखाली एक रिकामी पुडी, घट्ट गुंडाळलेली दहाची नोट आणि अल्प्राझोलाम या झोपेच्या गोळीची अर्धी संपलेली स्ट्रिप निघाली.

विचारल्यावर त्याने आढेवेढे घेतले नाहीत. दिवाळीपासून तो एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा उत्तेजक अमली पदार्थ, घेतो. सुरुवात सबमिशनच्या रात्री जागण्यासाठी झाली आणि आता आठवड्यातून तीन-चार वेळा घेतल्याशिवाय राहवत नाही. त्यानंतर झोप येत नाही, छाती धडधडते आणि कोणीतरी पाळतीवर आहे असे वाटते, म्हणून मालेगावकडे जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलामची गोळी तो तीन महिन्यांपासून रोज घेत आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातील एमडीच्या कारखान्यावर मुंबई पोलिसांनी छापा घातला, तेव्हा मी चहाच्या टपरीवर ‘आजकालची पोरं’ या विषयावर बरेच बोललो होतो, हे आठवून आता लाज वाटते.

दाजींचे म्हणणे असे की, कॉलेज बंद करून त्याला बागेवर न्यावे, पंधरा दिवस खोलीला कडी लावावी, आपोआप सुटेल. मला याचीच भीती वाटते. ही गोळी रोज घेणाऱ्याने एकदम बंद केली तर आकडी येऊ शकते, म्हणून तिचे प्रमाण डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते, असे मी वाचले आहे. शिवाय एमडी थांबवल्यावर तीव्र नैराश्य येऊ शकते, मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचारही येतात, आणि बागेवरील त्या खोलीला लागूनच फवारणीच्या औषधांची शेड आहे.

शहरातील एका व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला. मुलगा काय घेतो, किती घेतो हे विचारण्याआधीच त्यांनी सहा महिन्यांची रक्कम आगाऊ मागितली आणि ‘त्याला कळू देऊ नका, गाडी घेऊन चार माणसे येतील’ असे सांगितले. मी फोन ठेवला.

दाखल न करता, घरी राहून उपचार होतात का? रुग्णालयात खरे सांगितले तर पोलिसांचे लचांड मागे लागेल का? तो म्हणतो, ‘मामा, मी येतो डॉक्टरांकडे, पण बाबांना समजवा.’ ते कसे करावे?

प्रतिसाद

आम्ही मुलाच्या बाबतीत यातून गेलो आहोत, म्हणून लिहिते. तो स्वतः यायला तयार आहे तोवर वेळ घालवू नका. आज-उद्याच मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा आणि ती स्ट्रिप बरोबर न्या. तोपर्यंत गोळी परस्पर बंद करू नका. एमडीचा हृदयावर परिणाम होतो, तेव्हा रक्तदाब आणि ईसीजी तपासून घ्या. एमडीच्या जागी देता येईल असे ठरलेले औषध नाही. खरे काम समुपदेशनाचे असते आणि त्याला महिने लागतात. दाखल करायचे की नाही, हे डॉक्टर तपासून ठरवतील.

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने शासकीय किंवा शासनमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. सज्ञान मुलाला असे उचलून नेणे मात्र 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात बसत नाही, तुम्ही फोन ठेवलात ते योग्यच केले. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हे क्रमांक निःशुल्क आहेत. शेडची किल्ली आजच काढून घ्यायला सांगा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार, ताई. उद्या सकाळी अकराची वेळ मिळाली आहे. डॉक्टरांना फोनवर विचारून स्ट्रिप माझ्या कपाटात ठेवली आहे. रात्रीची गोळी मीच देतो. शेडच्या किल्लीबद्दल माझ्या बहिणीशी बोललो, तिने ती कमरेला लावली आहे. दाजी मात्र फोनच घेत नाहीत. तुमच्या घरी मुलाच्या वडिलांशी हे प्रथम कोण बोलले आणि काय बोलले, ते जमल्यास लिहाल का?