‘आठ फूट खोदा, मुरूम भरा, विसरा’ म्हणणाऱ्यांना

कापूसपट्टा
काल इथे एकानं लिहिलं: "काळ्या मातीत घर बांधायचंय? माती परीक्षणावर पैसे घालवू नका. आठ फूट खोदा, मुरूम भरा, रोलर फिरवा, जन्मभर बघायला नको." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून लिहितोय.

मी परभणीचा. हाच सल्ला ऐकून 2014 साली घर बांधलं. आज आमच्या देवघराचं दार आषाढात लागत नाही आणि चैत्रात त्याला बोटभर फट पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलीय, तिच्यात रुपयाचं नाणं उभं राहतं. दर दिवाळीला लांबी भरून रंग देतो, होळीपर्यंत ती परत उघडते.

कारण साधं आहे. चारी बाजूंनी आणि तळाला चिकण काळी, मधे पाणी पिणारा मुरूम. पावसाचं पाणी सरळ आत उतरतं आणि बाहेर जायला वाट नाही. म्हणजे घराखाली मी हौदच बांधला! तळाची माती ते पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. हा ओल-सुकीचा खेळ साधारण साडेतीन मीटर खोल चालतो. आठ फूट म्हणजे अडीच मीटरसुद्धा होत नाहीत.

आपल्या वाडवडलांनी गाव पांढरीवर वसवलं आणि काळी पिकाला ठेवली. आता एन.ए. प्लॉट पडतात ते कालपर्यंत कपाशी उभी होती त्या रानात. निदान माती तरी तपासा.

रोलरवाला
22 वर्षं बांधकामात आहे. मुरुमाला बदनाम करू नका. दोन-दोन फूट ओतून वरून पाणी सोडलं की त्याला भराई म्हणत नाहीत. वीतभर थर, बेतानं ओल, दाबाई, मग पुढचा थर. तुमच्याकडे असं झालं होतं का? आणि जोत्यात काय भरलं होतं, ते आधी सांगा.

कापूसपट्टा
जोत्यात खड्ड्यातून निघालेली काळीच भरली. मिस्त्री म्हणाला, ट्रॅक्टरचं भाडं कशाला घालवता. ती चूक माझी, कबूल.

रोलरवाला
मग झालं तर! फरशी उचलली असेल ती त्या काळीनं, आणि शिव्या खातोय मुरूम. आम्ही कंत्राटदार म्हणजे चोर, हे तुम्ही धरूनच चालता. मालक दर पाडून घेतो, वरून माती परीक्षणाचं नाव काढलं की चहासुद्धा विचारत नाही. त्यावर कोणी धागा काढत नाही.

जोतंपट्टी
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मी स्थापत्य अभियंता, नोकरी जालन्यात. आयआयटी मुंबईचे प्रा. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा दाबलेला थर द्यायची पद्धत बसवली. कर्नाटकात मलप्रभा कालव्यासाठी त्यावर काम झालं. ‘चिकट’ हा शब्द महत्त्वाचा. चिकण अंश असलेला, नीट दाबलेला मुरूम चालतो. भुसभुशीत मुरूम किंवा वाळू घातली की हौद होतो.

दुसरा उपाय रुरकीच्या सीबीआरआय या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेचा, अंडररीम पाइल, म्हणजे जमिनीत भोक पाडून ओतलेला, तळाशी फुगीर काँक्रीटचा खांब. 30 सेंटीमीटरचं भोक, खाली 75 सेंटीमीटरचा फुगा, खोली किमान साडेतीन मीटर. वरच्या बीमखाली आठेक सेंटीमीटर मोकळं ठेवायचं, म्हणजे माती फुगली तरी बीमला ढकलणार नाही. एका साईटवर ती फट गवंड्यानं विटांचे तुकडे ठासून बंद केली होती. "पोकळ दिसत होतं ताई, म्हणून भरलं." दीड दिवस सळईनं तुकडे उकरून काढले, मी स्वतः पालथी पडून.

आणि तपासणीची पहिली पायरी अगदी स्वस्त आहे. बारीक चाळलेली कोरडी माती 10 ग्रॅम पाण्यात, 10 ग्रॅम रॉकेलमध्ये, एक दिवस ठेवायची. रॉकेलात ती फुगत नाही. तिथे 10 मिलिलिटर आणि पाण्यात 19 भरली, तर फुगवटा 90 टक्के.

कापूसपट्टा, भेग कुठल्या बाजूला आहे? तिथे झाड आहे का?

कापूसपट्टा
दक्षिणेला. भिंतीपासून 12 फुटांवर कडुनिंब आहे. आईनं लावलेला, घराच्याही आधीचा.

रोलरवाला
सापडलं! उन्हाळ्यात तो मातीतली सगळी ओल ओढतो, तेवढा कोपरा बसतो. आधी झाड काढा, मग मुरुमावर बोला.

निंबोणी
मराठवाड्यात सावलीला मोठं झाड शोधावं लागतं आणि हे म्हणतात काढा! रस्तारुंदीत आमच्या गावची वडाची रांग गेली, आता घराघरातलीही घ्या. पाया तुम्ही कच्चा घालायचा आणि कुऱ्हाड झाडावर?

रोलरवाला
घर पडल्यावर झाडाखाली राहणार का?

निंबोणी
आई गेल्यावर त्या झाडाखाली बसणारी माणसं असतात, एवढं लक्षात ठेवा.

डॅलसकर
मी अकोल्याचा, 16 वर्षं टेक्सासमध्ये. इथली मातीही तशीच फुगते. कडक उन्हाळ्यात लोक घराभोवती पाझरती नळी टाकून माती ओली ठेवतात. आमच्या ओकच्या बाजूची भिंत खचली होती, म्हणून झाड दोषी नाही असं मी म्हणणार नाही. पण तोडायला गेलो तेव्हा पाया दुरुस्त करणाऱ्यानंच हात धरला. मोठं झाड एकदम काढलं की इतकी वर्षं सुकलेली माती पाणी पिऊन उलटी फुगते, म्हणाला.

जोतंपट्टी
बरोबर. म्हणून कडुनिंब काढू नका. झाड आणि भिंत यांच्यामधे खोल चर घेऊन काँक्रीटचा पडदा घाला, म्हणजे मुळं घराखाली येत नाहीत. चर भिंतीला खेटून नको. दरवर्षी थोडी छाटणी करा. घराभोवती दीड मीटर रुंद, बाहेर उतार असलेला फरशीचा पट्टा करा, पन्हाळीचं पाणी पाइपनं लांब सोडा. शोषखड्डा भिंतीजवळ असेल तर तो आधी हलवा.

रोलरवाला
झाडाचं मागे घेतो. तोडल्यावर माती फुगते, हे मला माहीत नव्हतं. बाकी मुरुमाबद्दल बोललो ते तसंच आहे, नीट दाबला तर दगा देत नाही. आणि पुढच्या कामाला रॉकेलची ती चाचणी करून बघतो, हेही लिहून ठेवा.

कापूसपट्टा
शोषखड्डा दक्षिणेलाच आहे. भिंतीपासून चार फुटांवर, निंबाच्या अलीकडे. दहा वर्षं त्यावर पाटा ठेवून आम्ही तिथे भांडी घासतोय. उद्या माणूस बोलावतो.